बिजागरीचे पैसे

घडीचा चाकू म्हणजे मुद्दाम मोडलेला चाकू. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत पोलादाची एकच सलग पट्टी असलेला साधा चाकू बनवायला सोपा, धुवायला सोपा, आणि जोर लावला तर दगा देईल असा सांधाच त्यात नसतो. अडचण एवढीच की तो खिशात मावत नाही. मावावा म्हणून कुणीतरी त्याला मधे तोडलं, खिळीवर फिरतं केलं, आणि तेव्हापासून लोहार, कारागीर, इंजिनिअर असे सगळे तो मोडलेपणा झाकायच्या मागे लागले आहेत. ऑस्ट्रियात हालश्टाटला हाडाच्या मुठीचा एक घडीचा चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० या काळातला मानतात. म्हणजे काम बरंच जुनं आहे आणि अजून संपलेलं नाही.

हे सगळं मला आता सुचतंय. चाकू घेतला तेव्हा डोक्यात असलं काही नव्हतं. चांगली पेनं, चांगल्या कात्र्या यांची मला पहिल्यापासून हौस. त्याच वाटेने चालत इथवर आले. घ्यायचा तर एकदाच आणि चांगला, असं स्वतःला पटवून महागातला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव आलं की चाकू बाजूला राहतो आणि लोक कंपनीवरून भांडायला लागतात. किंमतही सांगत नाही, कारण घरात मी ती बरीच खाली ओढून सांगितली आहे आणि दोन आकडे सांभाळत बसणं मला जमणार नाही.

डबा उघडला तेव्हा आधी निराशाच वाटली. राखाडी मूठ, राखाडी पातं, कुठे चकाकी नाही, नक्षी नाही. एवढ्या पैशात डोळ्यांना काहीतरी मिळायला हवं होतं, असं वाटून गेलं. मग हातात घेतला आणि वजनाने चकवलं. डोळा लोखंडाचा अंदाज बांधतो आणि हाताला त्याहून हलकं काहीतरी येतं. मूठ टायटॅनियमची, पोलादाचं एक घन सेंटिमीटर साधारण ७.८ ग्रॅम भरतं, टायटॅनियमच्या या मिश्रधातूचं ४.४. शिवाय टायटॅनियममधून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून ते पोलादासारखं गार लागत नाही, तळहातात धरलं की लगेच कोमट होतं. या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. महाग चाकूंची जाहिरात करणाऱ्यांची मला यासाठी थोडी दयाच येते. त्यांना जे विकायचं असतं त्यातलं बहुतेक बोटांनाच कळतं.

मग उघडला. पात्याच्या बाजूला अंगठ्यासाठी एक छोटा खुंट आहे. अंगठा त्यावर ठेवून ढकललं की आधी काहीच होत नाही. पातं अडून बसतं. आणखी किंचित जोर दिला की ते एकदम सुटतं, वळण घेऊन जातं आणि शेवटी एक भरीव ‘टक्’ असा आवाज येतो. त्या सुरुवातीच्या अडण्यामागे एक बारीक छर्रा आहे. कुलपाच्या, म्हणजे उघडलेलं पातं पक्कं धरणाऱ्या पट्टीत तो बसवलेला असतो, आणि पातं मिटलेलं असताना पात्याच्या बुडाला पाडलेल्या एका खळग्यात अर्धवट शिरून राहतो. खिशात उलटसुलट झालं तरी पातं आपोआप बाहेर येऊ नये म्हणून हा पहारा. खळगा थोडा खोल झाला तर अंगठा दुखेल, थोडा उथळ झाला तर पातं खिशात उघडेल. यातलं योग्य माप कुणीतरी कुठेतरी ठरवलं, आणि ते ठरवताना बहुधा खूप जणांचे अंगठे दुखले असणार.

नवा असताना तो जरा जडच फिरत होता. पातं आणि मूठ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझच्या पातळ चकत्या आहेत, वॉशर. हल्ली पुष्कळ महाग चाकूंत त्याऐवजी छोट्या गोळ्यांच्या बेअरिंग घालतात. पातं मग बोट लावताच भिरभिरत उघडतं, आणि कुलूप सोडलं की आपल्या वजनाने मिटतंही. ते बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण वॉशरचं फिरणं वेगळं असतं. पातं कुठेही सोडलं तरी तिथेच थांबतं, पुढे ढकललं की सारख्या गतीने पुढे जातं, मधे कुठेही खरखर नाही. वापरून वापरून वॉशर आणि पोलाद एकमेकांना घासून गुळगुळीत होतात आणि जडपणा जातो. माझा अजून पूर्ण गेलेला नाही. मला त्याची घाईही नाही.

इथे मला पैसे कशाचे घेतले ते पहिल्यांदा कळायला लागलं. खिळीच्या सांध्याकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. पातं सहज फिरायला हवं, म्हणजे सांधा सैल हवा. आणि उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे जराही हलता कामा नये, म्हणजे सांधा घट्ट हवा. स्वस्तातल्या चाकूत ही भानगड स्क्रूवर सोडलेली असते. आवळला की पातं अडतं, सैल केला की खुळखुळतं, आणि मधली जागा सापडली म्हणावं तर काही दिवसांनी स्क्रू आपणहून फिरलेला असतो. माझ्या चाकूत खिळीवर एक नळीसारखा तुकडा आहे. त्याची लांबी पातं आणि दोन वॉशर मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा अगदी कणभर जास्त ठेवलेली असते, इतकी कणभर की तिच्यापुढे केस जाड म्हणायचा. स्क्रू पूर्ण आवळायचा. दाब सगळा नळीवर येतो आणि पात्याला फिरायला तेवढीच कणभर जागा उरते. जुळवत बसायची गरजच नाही. ज्याला हे सुचलं त्याने प्रश्न स्क्रूकडून काढून घेतला आणि घासणाऱ्या यंत्राकडे दिला. आणि यंत्राला तेवढं काटेकोर घासायला लावण्याचे पैसे माझ्याकडून वसूल केले. ठीक आहे. यात मला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

दुसरा खर्च कुलपाचा. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये, हा घडीच्या चाकूचा सर्वात जुना धाक. फार काळ लोक नुसत्या घट्टपणावर किंवा पाठीतल्या स्प्रिंगवर भागवत होते. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, तोही आधी बिनकुलपाचा होता. मुठीच्या तोंडाशी फिरवायची धातूची कडी त्याला १९५५ मध्ये आली, आणि ती अजूनही आहे. स्वस्त, हुशार, आणि कुठेही बिघडण्यासारखं काही नाही. ‘बक’ कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ मध्ये आला आणि पाठीवर दाबून सोडायचं कुलूप घराघरात पोचलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतली पातळ पट्टीच स्प्रिंगसारखी वाकवून पात्याच्या बुडाखाली सरकवली. मग १९८७च्या सुमारास क्रिस रीव्ह या दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिराने ती पातळ पट्टी काढूनच टाकली. मुठीची एक बाजू म्हणजे टायटॅनियमचा जाड तुकडा. त्यालाच लांब चीर पाडून त्याचंच कुलूप केलं. माझा चाकू याच घराण्यातला.

या रचनेतली मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी की चाकू घट्ट धरला की बोटं नेमकी कुलपाच्या पट्टीवर येतात आणि तिला आणखी आत दाबतात. जोर वाढवाल तसं कुलूप पक्कं होत जातं. टायटॅनियम इथे नुसतं हलकं म्हणून आलेलं नाही. ते पोलादाच्या मानाने जवळजवळ दुप्पट लवचीक आहे, म्हणून एवढी जाड पट्टीही चीर पाडून थोडी कोरली की स्प्रिंगसारखी वागते.

पण टायटॅनियमला एक खोडही आहे. ते पोलादावर घासलं की चिकटतं. नव्या चाकूत कुलूप सोडायला गेलं की पट्टी पात्याच्या बुडाला धरून बसते आणि मग ‘कट्’ असा आवाज करत सुटते. माझ्या चाकूने सुरुवातीला हे केलं आणि मी चिडले. इतक्या पैशांत हे? शोधल्यावर उपाय मिळाला तो असा की जिथे दोन धातू भिडतात तिथे शिसपेन्सिलीने रेघोट्या मारायच्या. ग्राफाइट वंगणाचं काम करतं. मारल्या, आणि आवाज बंद झाला. अलीकडे कारखाने पट्टीच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात, त्यामुळे ही कटकट उरत नाही. तरी मला पेन्सिलीचाच उपाय आवडला. चाकूने पेन्सिलीला टोक करायचं आणि पेन्सिलीने चाकूचं कुलूप दुरुस्त करायचं, हा व्यवहार बरोबरीचा झाला.

आता पोलाद. चाकूच्या हौशी मंडळींत बसलं की दोन वाक्यांत गाडी पोलादावर येते, आणि मग रात्र होते. माझ्या पात्याचं पोलाद ‘एस३५व्हीएन’. ते २००९ मध्ये आलं, ‘एस३०व्ही’ या २००१ मधल्या पोलादाला थोडं चिवट करून. वितळलेल्या पोलादाची धार जोरदार वायूच्या झोताने उडवून तिचे बारीक थेंब करतात, ते थेंब क्षणात गोठून भुकटी होते, आणि ती भुकटी बंद डब्यात प्रचंड उष्णता आणि दाब देऊन पुन्हा सलग करतात. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर पोलादातले कठीण कण एका जागी गोळा होऊ नयेत. ओतलेलं पोलाद सावकाश थंड होतं आणि कार्बाइडचे, म्हणजे याच कठीण कणांचे, मोठाले खडे तयार होतात. थेंबाला तेवढा वेळच मिळत नाही. मग पाणी देताना, म्हणजे तापवून थंड करून पात्याला कडक करताना, ते साधारण ६० रॉकवेलच्या आसपास आणतात. रॉकवेल हे कडकपणाचं माप. ते मोजतात हिऱ्याचं १२० अंशांचं टोक १५० किलोच्या भाराने धातूत रुतवून. किती खोल रुतलं त्यावरून आकडा. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं ‘मॅग्नाकट’ आलं आणि सध्या हौशी मंडळींत त्याचा जयजयकार चालू आहे. तोही वावगा नाही. गंजापासून बचाव, चिवटपणा आणि टिकणारी धार या तीन गोष्टी एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात, आणि त्या पोलादात त्या बऱ्यापैकी नांदतात.

हे सगळं मी आवडीने वाचलं, आणि माझं मत झालं ते मात्र उलटंच. सुरुवातीच्या दिवसांत पोलादाचा हाताला काही पत्ता लागत नाही. हाताला कळते ती पात्याची जाडी. माझ्या पात्याची पाठ चांगली तीन मिलिमीटरच्या वर आहे. त्याने सफरचंद कापायला घेतलं तर पातं निम्म्यात गेल्यावर सफरचंद कापलं जात नाही, फाटतं. पाचरीने लाकूड दुभंगावं तसं. स्वयंपाकघरातला सर्वात स्वस्त पातळ चाकू त्याच सफरचंदातून आवाज न करता जातो. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर, दोरीवर, पॅकिंगच्या पट्ट्यांवर माझा चाकू झकास चालतो, आणि पुठ्ठा हा धारेचा खरा शत्रू असल्यामुळे तिथे पोलादाचा उपयोगही होत असणार. पण धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे, एवढी एक गोष्ट कापण्याचा अनुभव ठरवते, आणि तिच्याबद्दल जाहिरातीत कोणी अवाक्षर काढत नाही. जाड पातं मोडत नाही, मोडलं नाही की परत येत नाही, आणि परत आलं नाही की कारखान्याची डोकेदुखी टळते. हा माझा तर्क. पण पटण्यासारखा आहे की नाही?

तर मग पैसे गेले कुठे, हा प्रश्न राहिलाच. एका सुट्टीच्या दिवशी मी चाकू पूर्ण खोलला. यातही महाग चाकूचा एक मोठेपणा आहे की तो खोलू देतो. काही कंपन्या त्यासाठी लागणारी किल्लीसुद्धा डब्यात देतात. पांढऱ्या कापडावर एकेक भाग काढून ठेवला. भाग थोडेसेच निघाले. मुठीच्या दोन बाजू, पातं, वॉशर, नळी, पातं थांबवणारी एक पिन, मुठीच्या मागची पिन, क्लिप, आणि मूठभरही नाहीत इतके स्क्रू. पातं सुटं धरल्यावर त्याचं बूड पहिल्यांदा नीट दिसलं. तिथे छर्‍याचा खळगा आहे, खिळीचं भोक आहे, पिनेवर टेकायचा खांदा आहे, आणि कुलूप जिथे बसतं तिथे एक तिरका उतार. पट्टी झिजत जाईल तशी ती त्या उतारावर पुढे सरकायची, म्हणजे झिजूनही कुलूप सैल पडणार नाही. झीज होणार हे धरूनच आखलेलं आहे. बूड माझ्या अंगठ्याच्या नखाहून फार मोठं नाही. चाकूतली अक्कल जवळजवळ सगळी तिथे गोळा झालेली आहे. कापायचं काम करणारा पुढचा भाग त्या मानाने फारच साधा.

आणि मुठीच्या आतल्या बाजू. त्या कधी कोणाला दिसणार नाहीत, तरी त्यांचा पोत बाहेरच्यासारखाच एकसारखा, कडा सगळ्या बोटाला न लागतील अशा मारलेल्या. डबा उघडल्यावरची निराशा त्या दिवशी गेली. पुसलं, खिळीला ग्रीसचा ठिपका लावला, पुन्हा जोडला, स्क्रू शेवटपर्यंत आवळला. पातं पहिल्यासारखंच फिरलं आणि मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या बरोबर मधोमध बसलं. मला काही जुळवावं लागलं नाही, आणि हे माझं कौशल्य नव्हे.

क्लिपबद्दल तक्रार आहे. खिशाच्या काठाला चाकू अडकवून ठेवायची ही सोय १९८१ मध्ये ‘स्पायडरको’ कंपनीच्या पहिल्या घडीच्या चाकूवर आली आणि मग सगळ्यांनी उचलली. पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक पाडलं तेही त्याच चाकूत. सोय उत्तम, पण ती पुरुषांच्या जाडजूड पँटच्या खिशांसाठी आहे. माझ्या कपड्यांना खिसे असले तर ते नावापुरते, आणि कापड इतकं पातळ की क्लिपने ते ओढलं जातं. चाकू पर्समध्ये तळाशी जातो, आणि एका हाताने झटकन उघडणाऱ्या चाकूला बाहेर काढायला मला दोन्ही हात आणि बराच वेळ लागतो.

लोकांसमोर काढला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. कामाच्या ठिकाणी पार्सल आलं, कात्री सापडेना, मी चाकू काढला. ‘टक्’ आवाज झाला आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खुर्चीसकट मागे सरकली.

“अगं बाई, हे काय घेऊन फिरतेस तू?”

“चाकू आहे. पार्सल उघडतेय.”

“ते दिसतंय गं. पण आवाज केवढा!”

स्वयंपाकघरात याच्या दुप्पट लांबीचं पातं ती रोज हाताळते. तिला पातं खटकलं नव्हतं, खटका खटकला होता. आणि गंमत म्हणजे कायदाही नेमकं तेच बघतो. ब्रिटनमध्ये घडीचा चाकू विनाकारण जवळ बाळगायचा तर धार तीन इंचांपेक्षा लांब नको आणि पातं कुलपाने पक्कं होता कामा नये. जर्मनीत एका हाताने उघडून पक्कं होणारं पातं सबळ कारणाशिवाय घराबाहेर नेता येत नाही. प्रत्येक देशाचे नियम निराळे, विमानाच्या केबिनमध्ये तर बहुतेक ठिकाणी चाकू चालत नाही. पण कलमं वाचत गेलं की लक्षात येतं, माणसाने इतक्या मेहनतीने जो मोडलेपणा झाकला, तो झाकला गेल्याबद्दलच सरकारांना चिंता वाटते. मोडका चाकू मोडकाच राहिला तर त्यांची हरकत नाही. मी ज्याचे पैसे मोजले त्याच दोन गोष्टींवर आक्षेप आहे. चाकू कपाटात ठेवून प्रवासाला जाताना मी तिकडच्या तिकडे चरफडते, पण त्यांचं म्हणणंही कळतं.

आता धारेचं सांगायचं राहिलं. कारखान्यातून आलेली धार अजून शिल्लक आहे, कागद अजून सरळ कापला जातो, पण पहिल्या आठवड्यांतली लव उतरवणारी धार गेली. लावायला हवी. या पोलादात व्हॅनेडियमचे जे कार्बाइड आहेत ते साध्या धार लावायच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात, म्हणून हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी घ्या, असा सल्ला मिळाला. घेतली. पण दोन्ही बाजूंनी कोन सारखा धरणं ही हाताची विद्या आहे, ती पट्टीबरोबर डब्यात येत नाही. एवढ्या महाग पात्यावर शिकायचं धाडस होईना, म्हणून सराव स्वयंपाकघरातल्या त्याच स्वस्त चाकूवर चालू केला. बर, म्हणजे घासताना धारेच्या काठावर वळणारी धातूची बारीक कड, उठली की बोटाला कळायला लागलंय, ती कातड्यावर काढून टाकायची सवय होतेय, आणि कोन पूर्वीपेक्षा कमी डगमगतो. परिणाम असा की सध्या घरात सगळ्यात धारदार चाकू तो आहे, आणि त्याला बिजागरीच नाही.